मुंबई–नागपूर : हवेतील अंतर आणि जमिनीवरील माणसे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा ते कामगार चळवळीवरील एखाद्या विषयाची अपेक्षा करीत होते. मी सांगितले, "मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधील अंतर." चालक हसले. जन्मात दोनदाच विमानात बसलेला, शाळा नववीत सोडलेला, हमालांच्या आणि जिनिंगच्या कामगारांच्या सभा घेत फिरणारा माणूस विमानावर काय बोलणार, असे त्यांना वाटले असेल. ते रास्तच आहे. परंतु हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. तो माझ्या गळ्यात पडलेला आहे. कसा, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या कामगारांच्या थकलेल्या पगाराचे एक प्रकरण मुंबईला सुनावणीस लागले. वेळ सकाळी अकराची होती. आम्ही चौघे आदल्या दिवशी दुपारी फुलसावंगीहून एस.टी.ने निघालो, नांदेडला रात्रीची गाडी धरली आणि बिनराखीव डब्यात दाराशी बसून निघालो. गाडीला उशीर झाला. धापा टाकीत आम्ही पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. समोरच्या पक्षाचे वकील सकाळी नागपूरहून विमानाने निघून वेळेवर हजर झाले होते आणि संध्याकाळच्या विमानाने घरी परतणार होते. आमच्या गैरहजेरीत तारीख पडली, तीन महिन्यांनंतरची. अन्याय झाला, असे मी म्हणत नाही. तारीख पडली एवढेच म्हणतो. पण मजुराच्या घरी तीन महिने म्हणजे काय, हे या सभेत मी कोणाला सांगायला नको.

परतताना आमच्यातले वयाने सर्वांत मोठे हमालदादा मला म्हणाले, "भाऊ, वकिलाले दीड घंटा लागते अन् आपल्याले रातभर लागते. मंग अंतर एकच हाय असं कसं म्हनावं?"

मला उत्तर देता आले नाही. मी पुसदच्या आणि यवतमाळच्या वाचनालयांत बसलो, जुनी पुस्तके काढली, नकाशे पाहिले. आज जे सांगतो ते त्या दादांना द्यावयाचे राहिलेले उत्तर आहे असे समजा.

प्रथम साधा हिशेब. मुंबईच्या विमानतळापासून नागपूरच्या विमानतळापर्यंत सरळ रेषेत अंतर सुमारे ६८० किलोमीटर भरते. रेल्वेने तेच अंतर ८३७ किलोमीटर आहे. कारण रेल्वेला कसाऱ्याचा घाट चढावा लागतो, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा अशी गावे घेत जावे लागते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो पूर्ण झाला. म्हणजे डोंगर फोडून आणि शेते घेऊन माणसाने जमिनीवरची वाट हवेतल्या वाटेच्या अगदी जवळ आणून ठेवली.

हवेतले अंतर मोजतात कसे? पृथ्वी गोल आहे. गोळ्यावर दोन ठिपक्यांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो ज्या वाटेने बसतो ती सर्वांत जवळची वाट. विमानवाले हे अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग साधारण तेवढाच भरतो. म्हणून दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश अचूक ठाऊक असले की अंतर कागदावर काढता येते. विमान उडवून पाहावे लागत नाही.

पण ते अक्षांश-रेखांश अचूक ठाऊक झाले कसे? येथेच इतिहास सुरू होतो. आणि त्याची वाट आपल्याच मुलखातून जाते.

विल्यम लँबटन नावाच्या इंग्रज सेनाधिकाऱ्याने १८०२ सालच्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी सुमारे साडेसात मैलांची एक रेषा पोलादी साखळीने मोजण्यास आरंभ केला. ती रेषा पायाभूत धरून एका त्रिकोणावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा अशी त्रिकोणांची माळ त्याने देशभर पसरण्याचा उद्योग मांडला. कोन मोजण्याचे त्याचे यंत्र अर्ध्या टनाचे होते. ते डोंगरमाथ्यावर चढवायचे, कोन घ्यायचा, पुन्हा उतरवायचे, पुढचा डोंगर गाठायचा. मधल्या काळात तो दक्षिणेला कन्याकुमारीपर्यंत जाऊन आला आणि मग ७८ व्या रेखांशाच्या आसपासने उत्तरेकडे सरकत राहिला. हा ७८ वा रेखांश आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून जातो. २० जानेवारी १८२३ रोजी, नागपूरच्या वाटेवर असताना, लँबटन हिंगणघाट येथे मरण पावला. वय सत्तरीच्या घरात होते. त्याची कबर तेथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतले, ज्याचे नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला दिले गेले.

लँबटनचे नाव पुस्तकात आहे; एव्हरेस्टचे तर शिखरावर आहे. परंतु ते अर्ध्या टनाचे यंत्र डोंगरावर वाहून नेणारे, साखळी ताणून धरणारे, निशाणाजवळ रात्ररात्र दिवा सांभाळणारे, हिवतापाने जंगलात मेलेले खलाशी कोण होते? त्यांची नावे मला कोणत्याही पुस्तकात सापडली नाहीत. मद्रासपासून हिंगणघाटपर्यंत या मंडळींना एकवीस वर्षे लागली. मद्रासचा आजचा विमानतळ त्याच सेंट थॉमस माउंटच्या शेजारी आहे, आणि तेथून निघालेले विमान नागपुरास आता दोन तासांच्या आत येते. विमानाचा वेग थोर खरा. पण ज्या नकाशाच्या आधाराने ते उडते, तो अनवाणी पायांनी मोजलेला आहे, हे विसरू नये.

रेल्वेचा इतिहास आपण जाणता, म्हणून तो थोडक्यात सांगतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली आणि १८६७ साली रेल्वे नागपुरास पोहोचली. बैलगाडीने महिना खाणारी वाट दोन दिवसांवर आली. आज तीच वाट गाडीप्रमाणे अकरा ते पंधरा तासांची आहे. यवतमाळला मूर्तिजापूरहून अरुंद रुळांची शकुंतला आली. ११३ किलोमीटरच्या त्या फाट्यावर वाफेचे इंजिन १९९४ सालापर्यंत धावत होते, आणि पुढे ती गाडीच बंद पडली. वर्धा–यवतमाळ–नांदेड या मोठ्या रुळांच्या मार्गापैकी वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. म्हणजे नागपुरास रेल्वे आल्याला दीडशे वर्षे उलटून गेली, तरी आपल्या महागाव तालुक्याने रुळाचे तोंड पाहिलेले नाही. एकाच देशात एकाच वेळी निरनिराळी शतके नांदतात, ती अशी.

आता हवेकडे वळू. आपल्या देशात विमान प्रथम कामाला लागले ते माणसे नेण्यासाठी नव्हे, पत्रे नेण्यासाठी. १८ फेब्रुवारी १९११ रोजी हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादेहून नदीपलीकडच्या नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. अंतर दहा किलोमीटरांच्या आतबाहेर. परंतु जगातील अधिकृत हवाई टपालाचा आरंभ तो हाच. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटा सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीहून एका इंजिनाच्या लहानशा विमानात टपालाची थैली घेऊन निघाले, वाटेत अहमदाबादेस इंधन भरले आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. अहमदाबादेस इंधनाचे डबे बैलगाडीने विमानापर्यंत आणले होते, असे सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. बैल आणि विमान एका मैदानात समोरासमोर उभे, आणि बैलावाचून विमानाचे पाऊल पुढे पडत नाही!

या साऱ्या इतिहासात नागपूरचे नाव ज्या गोष्टीने मोठे झाले, ती गोष्ट मात्र आज विदर्भातही थोड्यांनाच आठवते. ती म्हणजे रात्रीची टपाल विमाने.

स्वातंत्र्य मिळून दीड वर्ष झाले होते. दळणवळण खात्याचे मंत्री रफी अहमद किदवई होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चार महानगरांचे टपाल एका रात्रीत एकमेकांना कसे पोहोचेल, हा प्रश्न होता. दोन-दोन शहरे थेट जोडायची म्हटली तर सहा जोड्या होतात; दोन्ही दिशा धरल्या तर बारा फेऱ्या. गरीब देशाला हे परवडणारे नव्हते. मग नकाशा पसरला गेला. नागपूरपासून मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९००, कलकत्ता ९८५. चारही बाजू जवळजवळ सारख्या! युद्धातून उरलेली डाकोटा विमाने ताशी अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर जात. म्हणजे मुंबईहून अडीच तास, दिल्लीहून सव्वातीन, मद्रासहून साडेतीन, कलकत्त्याहून पावणेचार. चार शहरांतून चार विमाने संध्याकाळचे टपाल घेऊन रात्री निघाली, तर मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येतील; थैल्यांची अदलाबदल करतील; आणि प्रत्येक विमान आपल्या गावी उरलेल्या तिन्ही शहरांचे टपाल घेऊन उजाडेपर्यंत परतेल. बारा फेऱ्यांचे काम चार विमानांत!

३० जानेवारी १९४९ रोजी ही व्यवस्था सुरू झाली. आरंभी ती खासगी कंपन्यांनी चालवली. १ ऑगस्ट १९५३ रोजी देशांतर्गत हवाई वाहतूक इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनकडे गेली आणि तेव्हापासून हे काम सरकारी महामंडळाचे झाले. विमानांतून काही प्रवासीही जात, तेही नागपुरास विमान बदलत. पण मुख्य पाहुणी थैली.

डोळ्यांपुढे आणा ते सोनेगाव. गाव झोपलेले. धावपट्टीच्या कडेचे दिवे लागलेले. एकामागून एक चार दिशांनी घरघर ऐकू येते, चार विमाने उतरतात, दारे उघडतात. कलकत्त्याची थैली मद्रासच्या विमानात, दिल्लीची मुंबईच्या विमानात. पावसाळा असो, थंडी असो, हात चालू. एक थैली चुकीच्या विमानात गेली तर हजारो घरांची पत्रे भलत्या शहरी जाणार. वैमानिकाची कौशल्यकथा कोणी तरी लिहितो. थैली न चुकवणाऱ्या हमालाची कोण लिहिणार?

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या, आणि माझ्या मते या व्याख्यानातली ती मुख्य गोष्ट आहे. १ एप्रिल १९४९ पासून साधी पत्रेसुद्धा, जेथे विमानाने वेळ वाचतो तेथे, जादा हवाई आकार न घेता विमानाने जाऊ लागली. म्हणजे मुंबईच्या गिरणीतला बदली कामगार कलकत्त्याच्या तागगिरणीतल्या भावाला चिठ्ठी लिहू लागला, तर ती चिठ्ठी विमानात बसत होती. लिहिणारा जन्मात विमानात बसला नाही, पण त्याचे अक्षर बसले. विमानाचे भाडे त्याला परवडत नव्हते, तरी विमानाने वाचवलेला वेळ त्याच्याही वाट्याला आला. नवे साधन निघाले की त्याचा वेग प्रथम श्रीमंताला मिळतो, असाच जगाचा अनुभव आहे. सोनेगावच्या मध्यरात्रीने थोडा काळ का होईना, तो अनुभव खोटा ठरवला.

या वेगाची किंमतही दिली गेली. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे नागपूरहून मद्रासकडे निघालेले डाकोटा विमान उड्डाण करताच कोसळले. तेरा जण गेले. वैमानिक तेवढा वाचला. मृतांमध्ये कानपूरचे खासदार आणि राष्ट्रीय मजूर काँग्रेसचे, म्हणजे इंटकचे, नेते हरिहरनाथ शास्त्री होते. माझी संघटना वेगळ्या झेंड्याची आहे. पण मजुरांच्या कामात आयुष्य घातलेल्या माणसापुढे झेंडा विचारीत बसू नये. त्या काळी रात्रीचे विमान धरून एका शहरातून दुसऱ्या शहरी जाणारा मजूर-पुढारी होता, हेही त्या अपघातामुळेच माझ्या ध्यानात आले. भांडवलाचा वेग गाठायचा तर मजुरांच्या माणसालाही वेग हवा, हे त्या पिढीने ओळखले होते.

आणि एक रात्र. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे परिनिर्वाण झाले. त्यापूर्वी दोन महिनेही झाले नव्हते, १४ ऑक्टोबरला त्यांनी नागपुरास लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली होती. त्यांचे पार्थिव मुंबईस नेणारे विमान त्या रात्री नागपुरास थांबले, आणि सोनेगावला जमलेल्या जनसमुदायाने अखेरचे दर्शन घेतले. १९४२ ते १९४६ या काळात हिंदुस्थान सरकारचे मजूर खाते सांभाळणारा, मजुरांच्या कायद्यांचा पाया घालणारा हा पुरुष. दिल्ली ते मुंबई हे अंतर त्या रात्री मिनिटांत कोणी मोजले नसेल. त्या विमानतळास पुढे त्यांचेच नाव दिले गेले, ते सर्वथा योग्य झाले.

१९७० नंतरच्या दशकात रात्रीच्या टपाल विमानांची ही व्यवस्था बंद झाली. जेट विमाने आली. मुंबई–दिल्ली, मद्रास–कलकत्ता थेट उड्डाणे वाढली. मध्ये नागपुरास उतरण्याची गरज उरली नाही. आज उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हवाई मार्ग नागपूरच्या माथ्यावर एकमेकांना छेदतात. पण छेदणारी बहुतेक विमाने खाली उतरत नाहीत. रात्री अंगणात बाज टाकून पडले की आपल्यालाही त्यांचे लुकलुकणारे दिवे दिसतात.

मुंबई–नागपूर विमान आज साधारण सव्वा ते दीड तास घेते. जेट विमान ताशी आठशे किलोमीटर जाते, मग ६८० किलोमीटरला तासाभराहून कमी वेळ पुरायला हवा, असे कोणी म्हणेल. परंतु वेळापत्रकातला वेळ चाके हलल्यापासून चाके थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत सरपटणे, उंची घेणे, वेग उतरवीत खाली येणे, मुंबईसारख्या ठिकाणी उतरण्यासाठी आकाशात पाळी लावणे, हे सारे त्यात येते. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उंचावरचा वाराही नागपूरकडे येताना थोडी मदत करतो आणि जाताना अडवतो. म्हणजे हवेतसुद्धा जाण्याचा आणि येण्याचा वेळ एकच नसतो.

आता फुलसावंगीचा हिशेब मांडा. येथून नागपूरच्या विमानतळास पोहोचायला पाच-सहा तास. तेथे दोन तास आधी हजर राहायचे. मग दीड तासाचे उड्डाण. मग मुंबईची गर्दी. नांदेडचा विमानतळ जवळ खरा, पण तेथील विमानसेवा मधल्या वर्षांत कधी सुरू, कधी बंद अशी राहिली. दीड तासाच्या प्रवासासाठी आपल्याला आठ तास जमिनीवर घालवावे लागतात. दादांना मी आता सांगू शकतो : दादा, दोन विमानतळांमधले अंतर एकच आहे, पण तुमच्या दारापासून विमानतळापर्यंतचे अंतर कोणी मोजलेले नाही. खरे लांब ते आहे.

विमानाचा विषय या गावात बोलायचा आणि एक आठवण टाळायची, हे मला जमणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या गावातला एक तरुण कारागीर स्वतःच्या हाताने बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना, फिरते पाते तुटून, गेला. शिक्षण आठवीपर्यंतचे, हातात पत्रा आणि वेल्डिंगचे काम, इंजिन मोटारीचे. वर्तमानपत्रांनी दोन दिवस मथळे दिले, कोणी त्याला वेडा म्हटले, कोणी वीर म्हटले. मी दोन्ही म्हणत नाही. मी त्याला कारागीर म्हणतो. डाकोटा कोसळले तेव्हा चौकशी झाली. इंजिन का बंद पडले, वैमानिकाने काय करायला हवे होते, याचा तपास झाला. त्यातून पुढच्यांचे प्राण वाचले. हवेतला प्रत्येक नियम कोणाच्या तरी मरणाने लिहिलेला आहे. आपल्या मुलाजवळ हात होते, डोके होते, जिद्द होती; पण 'या पात्याला एवढा ताण सोसणार नाही, थांब' असे सांगणारा जाणता माणूस जवळ नव्हता. नागपुरास मिहानमध्ये विमाने दुरुस्त करण्याचे मोठे केंद्र आहे. तेथपर्यंतचे अंतर किलोमीटरांत फार नाही. पण आठवी शिकलेल्या वेल्डरला त्या दारातून आत नेणारी वाट किती लांबीची आहे, ते मला कोणी तरी मोजून सांगावे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. अंतर हे निसर्गाने दिलेले असते. ते बदलत नाही. वेळ मात्र माणसे ठरवतात. कोणत्या गावी रूळ न्यायचा, कोणाचे पत्र विमानात घालायचे, कोणाच्या सुनावणीला मुंबईपर्यंत खेचायचे, हे माणसांनी घेतलेले निर्णय आहेत. म्हणून ते माणसांना बदलता येतात. १९४९ साली, फाळणीच्या जखमा ओल्या असताना, तिजोरी रिकामी असताना, या देशाने ठरवले की गरिबाची चिठ्ठीही विमानाने जाईल. आणि ती गेली. ते ज्यांनी ठरवले ते काही देव नव्हते. नकाशा पसरून बसलेली माणसे होती.

आमच्या प्रकरणाचे काय झाले, असे तुम्ही मनात विचारीत असाल. पुढच्या तारखेला आम्ही दोन दिवस आधी निघालो, आणि वेळेवर पोहोचलो. पगार मिळाला, सगळा नव्हे, पण मिळाला. ज्यांनी तो प्रश्न विचारला ते हमालदादा मात्र तेव्हा नव्हते. त्या तीन महिन्यांतच ते गेले. त्यांच्या वाट्याचे पैसे मी त्यांच्या घरी नेऊन दिले. उत्तर तेवढे राहिले होते, ते आज या सभेपुढे दिले.